पुनर्मुद्रण, विस्मृत स्त्री-कादंबऱ्यांचे

एके काळी प्रसिद्ध झालेल्या व वाचल्या गेलेल्या, परंतु छपाई थांबल्यामुळे पुढे बाजारातून आणि साहित्येतिहासातूनही नाहीशा झालेल्या स्त्रियांच्या कादंबऱ्या शोधून त्या पुन्हा वाचकांपुढे आणण्याचे कार्य. १९७० नंतरच्या दशकात अमेरिका व इंग्लंड ह्या देशांत त्याला चळवळीचे स्वरूप प्राप्त झाले. गुणवत्तेअभावी ग्रंथ विस्मृतीत जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ह्या कार्यामुळे मात्र अनेक ग्रंथांच्या बाबतीत उलट क्रम दिसून आला : ग्रंथ आधी अनुपलब्ध झाले, अनुपलब्ध म्हणून अभ्यासले गेले नाहीत आणि अभ्यासले गेले नाहीत म्हणून ते गौण ठरले.

विस्मृतीची कारणे : इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातील कादंबऱ्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांनी लिहिल्या होत्या, हे आयन वॉट ह्याने आपल्या ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ (१९५७, म. शी. कादंबरीचा उदय) ह्या ग्रंथात नमूद केले आहे, तथापि त्याचे विवेचन मुख्यत्वे डीफो, रिचर्ड्‌सन व फील्डिंग ह्या तीन पुरुष लेखकांभोवतीच फिरते. ह्या दुराव्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील ग्रंथमालांत आढळते. ॲना लेटिशिया बार्बोल्ड हिने १८१० मध्ये संपादिलेल्या ‘द ब्रिटिश नॉव्हेलिस्ट्स’ ह्या ५० खंडांच्या मालेत फॅनी बर्नी, शार्लट लेनक्स, शार्लट स्मिथ, एलिझाबेथ इंचबॉल्ड, मराया एजवर्थ इ. आठ स्त्रियांना स्थान होते. त्यानंतर सर वॉल्टर स्कॉटच्या प्रस्तावनांसह निघालेल्या मालेत (१८२१–२४) क्लॅरा रीव्ह व ॲन रॅडक्लिफ अशी मोजकीच स्त्री-नावे उरली. स्वस्त मालांत जे ग्रंथ आले, ते घरोघरी टिकले. जे वगळले गेले, त्यांच्या जुन्या प्रती ग्रंथालयांत झिजून संपल्या.

विसाव्या शतकात ह्यात आणखी कारणांची भर पडली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कागदावर नियंत्रण आले आणि डिसेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात लंडनच्या पॅटरनॉस्टर रो ह्या प्रकाशकांच्या पेठेतील लक्षावधी ग्रंथ जळाले. युद्धानंतर मर्यादित कागदावर काय छापावयाचे, हे ठरविताना घर, विवाह, मातृत्व, अविवाहित स्त्रीचे जीवन हे विषय क्षुल्लक मानण्याच्या दृष्टीचा परिणाम झाला. विद्यापीठांच्या पाठ्यक्रमांत नाव नसल्याने विद्यार्थी-वाचकांची मागणीही नव्हती.

प्रारंभीचे प्रयत्न : व्हर्जिनिया वुल्फने ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) ह्या निबंधात, लेखनावर उपजीविका करणाऱ्या ॲफ्रा बेन (१६४०–८९) हिचे ऋण सर्व लेखिकांनी मानावे असे सुचविले. तिच्यासारख्या लेखिकांकडे लक्ष वेधण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होय. पुढे १९४९ मध्ये, मृत्यू पावली असावी असा अनेकांचा समज झालेल्या जीन ऱ्हीस (१८९०–१९७९) हिचा शोध सेल्मा व्हाझ डियास ह्या अभिनेत्रीने वृत्तपत्रीय जाहिरात देऊन लावला. ऱ्हीसची ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी १९६६ मध्ये गाजल्यावर तिच्या जुन्या कादंबऱ्याही पुन्हा छापल्या गेल्या. अमेरिकेत केट शोपँ (१८५०–१९०४) हिच्या ‘द अवेकनिंग’ (१८९९, म. शी. जागृती) ह्या कादंबरीवर समकालीन समीक्षकांनी अनीतीचा ठपका ठेवला होता. पेर सेयर्स्टेड ह्या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९६९ मध्ये तिचे समग्र साहित्य व चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर ही कादंबरी अमेरिकन विद्यापीठांत सर्वत्र अभ्यासली जाऊ लागली.

अमेरिका : फ्लॉरेन्स हाउ हिच्या पुढाकाराने १९७० मध्ये ‘द फेमिनिस्ट प्रेस’ ही प्रकाशनसंस्था स्थापन झाली. जुने साहित्य पुन्हा छापण्याची प्रेरणा तिला टिली ओल्सन ह्या कथालेखिकेकडून मिळाली. ओल्सनला मुलीच्या वयात ओमाहा येथील एका भंगाराच्या दुकानात ‘अटलांटिक मंथली’ ह्या मासिकाचे जुने अंक सापडले होते. त्यांतील लोखंडाच्या कारखान्यातील मजुरांवरची एक निनावी दीर्घकथा तिच्या मनात घर करून राहिली. ती रिबेका हार्डिंग डेव्हिस हिची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ (१८६१) होय, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळले. १९७२ मध्ये ओल्सनच्या विवेचनासह ती पुस्तकरूपाने निघाली. १९७३ मध्ये शार्लट पर्किन्स गिल्मनची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा व ॲग्नेस स्मेडलीची ‘डॉटर ऑफ अर्थ’ (१९२९) ही कादंबरी ह्यांचे पुनर्मुद्रण झाले.

झोरा नील हर्स्टन (१८९१–१९६०) ह्या कृष्णवर्णीय लेखिकेचे उदाहरण ह्या संदर्भात विशेष बोलके आहे. ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) ही तिची कादंबरी दीर्घकाळ सहजासहजी मिळत नव्हती. उतारवयात तिला मोलकरणीचे काम करावे लागले. फ्लॉरिडातील फोर्ट पीअर्स येथे तिचे दफन झाले, तेव्हा थडग्यावर साधी खूणही नव्हती. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर ह्या लेखिकेने गवत वाढलेल्या त्या दफनभूमीत जाऊन थडग्याची जागा निश्चित केली व तेथे शिळा बसविली. तिचा ह्या शोधावरील लेख १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट हेमनवे ह्याने लिहिलेले चरित्र १९७७ मध्ये व कादंबरीची नवी आवृत्ती १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढली. शिळेवर कोरलेले १९०१ हे जन्मवर्ष चुकीचे असल्याचे पुढील संशोधनातून निष्पन्न झाले. लेखिकेचे पुस्तक लोपले, की तिच्या जीवनाची साधी नोंदही कशी डळमळीत होते, हे ह्यावरून ध्यानात येते.

इंग्लंड : मेलबर्न येथे जन्मलेल्या कार्मेन कॅलिल (१९३८–२०२२) हिने १९७३ मध्ये लंडन येथे ‘व्हिरागो’ ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. संस्थेची ‘व्हिरागो मॉडर्न क्लासिक्स’ ही माला १९७८ मध्ये ॲन्टोनिया व्हाइटच्या ‘फ्रॉस्ट इन मे’ (१९३३) ह्या कादंबरीने सुरू झाली. ह्या मालेमागे ईलेन शोवॉल्टर हिच्या ‘अ लिटरेचर ऑफ देअर ओन’ (१९७७) ह्या समीक्षाग्रंथाची प्रेरणा होती. हिरव्या रंगाची पाठ व मुखपृष्ठावर एखादे जुने चित्र, हे मालेचे ओळखचिन्ह ठरले. त्याच वर्षी संस्थेने पुनर्मुद्रित केलेल्या व्हेरा ब्रिटनच्या ‘टेस्टमेंट ऑफ यूथ’ (१९३३) ह्या आत्मचरित्रावरून १९७९ मध्ये दूरचित्रवाणी-मालिका निघाली आणि जुन्या ग्रंथांनाही मोठा वाचकवर्ग असू शकतो, हे सिद्ध झाले.

अशा पुनर्मुद्रणाची पद्धती साधारणतः ठरलेली असते. जुन्या पुस्तकांची दुकाने, ग्रंथालयांची कोठारे, जुनी परीक्षणे आणि वाचकांच्या सूचना ह्यांतून ग्रंथाचा शोध घेतला जातो. त्यानंतर लेखिकेचे वारस शोधून त्यांच्याकडून हक्क मिळवावे लागतात. हे काम अनेकदा सर्वांत जिकिरीचे ठरते; कारण विवाहामुळे बदललेली नावे व टोपणनावे ह्यांमुळे लेखिकेची ओळखच पटत नाही. नवा खिळेजुळणीचा खर्च टाळण्यासाठी जुन्या पृष्ठांची छायाचित्रे घेऊन ऑफसेट पद्धतीने छपाई करता येते. बहुधा एखाद्या आजच्या लेखिकेची नवी प्रस्तावना जोडून ग्रंथाचा त्याच्या काळाशी संबंध स्पष्ट केला जातो.

ह्या मालेमुळे साहित्येतिहासातील काही निर्णयांचा फेरविचार झाला. संज्ञाप्रवाही कादंबरीचे श्रेय सामान्यतः जेम्स जॉइस व व्हर्जिनिया वुल्फ ह्यांना दिले जाते. परंतु ही संज्ञा मे सिंक्लेअर हिने १९१८ मध्ये डॉरथी रिचर्ड्‌सनच्या कादंबऱ्यांसंबंधी वापरली होती. रिचर्ड्‌सनची ‘पिल्ग्रिमेज’ ही कादंबरीमाला १९७९ मध्ये चार खंडांत पुन्हा निघाली. पाठोपाठ सिंक्लेअरच्याही कादंबऱ्या छापल्या गेल्या. त्यामुळे ह्या दोघींच्या कामगिरीची चर्चा मूळ ग्रंथ हाती घेऊन करणे शक्य झाले. रोझमंड लेमन (१९०१–९०) हिच्यासारख्या काही लेखिकांना हयातीतच दुसऱ्यांदा वाचक लाभले.

आक्षेप : पुनर्मुद्रित झालेल्या सर्वच कादंबऱ्या ‘अभिजात’ ह्या पदवीस पात्र नाहीत, आरंभीच्या निवडीत इंग्रज मध्यमवर्गीय लेखिकांचे प्राबल्य होते, स्त्रियांची स्वतंत्र माला काढल्याने त्या मुख्य प्रवाहापासून अलग पडतात, असे आक्षेप घेतले गेले. त्यांत तथ्यांश आहे. तथापि ग्रंथ श्रेष्ठ की सामान्य, हा निर्णय तो वाचल्यावाचून करता येत नाही. सामान्य प्रतीच्या पुरुष लेखकांचे ग्रंथही अभ्यासासाठी उपलब्ध राहिलेले असतात. पुनर्मुद्रणाने लेखिकेला श्रेष्ठत्व बहाल होत नाही. तिच्यासंबंधी निर्णय करण्याची शक्यता मात्र निर्माण होते.

भारत : महाराष्ट्रात ह्या प्रकारचे लक्षणीय कार्य स. गं. मालशे ह्यांनी केले. ताराबाई शिंदे ह्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हा निबंध त्यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. हा ग्रंथ कादंबरी नसला, तरी त्याच्या पुनर्मुद्रणामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रियांच्या लेखनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अहमदनगर येथे ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन (१८६२–९४) ह्यांच्या ‘सगुणा’ व ‘कमला’ ह्या इंग्रजी कादंबऱ्या शतकभरानंतर, १९९८ च्या सुमारास, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने पुन्हा काढल्या. सूझी थारू व के. ललिता ह्यांनी संपादिलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ (२ खंड, १९९१ व १९९३) ह्या ग्रंथाने अनेक भारतीय भाषांतील लेखिकांचा परिचय करून दिला. ‘रंगराव’ व ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) ह्या कादंबऱ्यांच्या कर्त्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) ह्यांच्यावर मीरा कोसंबी ह्यांनी २००८ मध्ये इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला. परभाषेतील परिचय मोलाचा असला, तरी मूळ मराठी ग्रंथाच्या पुनर्मुद्रणाची उणीव त्याने भरून निघत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. म्हणजे काशीबाईंच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ २००९ पासून कोणालाही छापता येतात.

पुढील वाटचाल : निकोला बोमन हिने १९९९ मध्ये लंडनमध्ये ‘पर्सेफनी बुक्स’ ही संस्था काढली. विनिफ्रेड वॉट्सन (१९०६–२००२) हिची ‘मिस पेटिग्रू लिव्ह्‌ज फॉर अ डे’ (१९३८) ही कादंबरी ह्या संस्थेने २००० मध्ये पुन्हा छापली, तेव्हा लेखिका हयात होती. ब्रिटिश ग्रंथालयानेही २०२० मध्ये स्त्री-लेखिकांची माला सुरू केली. संगणकीय प्रतींमुळे जुने ग्रंथ जतन करणे सुलभ झाले आहे; परंतु प्रत उपलब्ध असणे आणि ती वाचली जाणे ह्यांत अंतर आहे. पुनर्मुद्रित ग्रंथाचीही मागणी सतत न राहिल्यास तो पुन्हा अनुपलब्ध होतो. म्हणून पुनर्मुद्रण हे एकदा करून संपणारे कार्य नव्हे. पाठ्यक्रम, ग्रंथालये व समीक्षा ह्यांची साथ लाभली, तरच पुन्हा हाती आलेला ग्रंथ पुढील पिढीपर्यंत पोहोचतो.