टेंभलीचा ठसा आणि आभासी संगणक

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारच्या नोंदणी-संचात लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि बुबुळाचा कॅमेरा असे. ही उपकरणे लॅपटॉपला यूएसबीने जोडली जात.

यूएसबी १९९६ ची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधील तिच्या शिल्पकारांपैकी एक. आभासी संगणकाची कल्पना मात्र तिच्याहून जुनी. आयबीएमने ती १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर प्रत्यक्षात आणली होती. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या पीसीवर आणली.

आभासी संगणक म्हणजे अखेर काही फायली. त्यांची प्रत काढता येते, त्यांना कालच्या स्थितीत परतही नेता येते. ठसायंत्राची अशी प्रत निघत नाही. म्हणून यजमान संगणक त्यावरील ताबा सोडतो आणि त्याचे संदेश आत पोहोचवतो. आतल्या प्रणालीला यंत्र आपल्यालाच जोडलेले दिसते. २००५ मध्ये जपानमधील ताकाहिरो हिरोफुची व सहकाऱ्यांनी यूएसबी/आयपी मांडून हेच संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकापर्यंत नेले.

सोय मोठी होती, पण तिच्यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. आधारचा ठसा पुढे रेशन दुकानातही ओळख म्हणून चालू लागला. तिथून आलेला ठसा आत्ता टेकवलेल्या बोटाचा, की कधीतरी साठवून ठेवलेला? नुसत्या संदेशावरून हे कळत नाही, कारण यंत्राचे सोंग सॉफ्टवेअरही घेऊ शकते.

यावर २०१७ मध्ये प्राधिकरणाने पडताळणीसाठी ‘नोंदणीकृत उपकरणे’ आणली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ओळख आणि ठशाच्या माहितीवर सांकेतिक सही, अशी ही योजना. तिच्यात दोन स्तर आहेत. एल-झिरोमध्ये सही यजमान संगणकातील सॉफ्टवेअर करते. एल-वनमध्ये ती उपकरणाच्याच सुरक्षित भागात होते. फरक किरकोळ वाटतो, तसा तो मुळीच नाही. पहिल्या प्रकारात सहीची किल्ली ज्या संगणकाच्या भरवशावर असते, तोच आभासी असू शकतो. मग त्याच्याबरोबर किल्लीचीही प्रत निघण्याचा धोका उरतो. दुसऱ्या प्रकारात संगणक खरा की आभासी याला फारसे महत्त्व राहत नाही. तो केवळ टपाल पोहोचवतो, पाकीट उघडू शकत नाही. पुढे प्राधिकरणाने एल-झिरो यंत्रे सोडून एल-वनकडे वळण्यास सांगितले. दुसऱ्याच्या साठवलेल्या ठशावर कुणाचे धान्य उचलले जाऊ नये, एवढी साधी गोष्ट त्या सहीच्या जागेवर अवलंबून होती.