स्टार्टर मोटरची जुळणी (शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक)

शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक हे १९५५ साली बाजारात आलेले अमेरिकी व्ही-८ इंजिन होय. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत स्टार्टर मोटर थेट इंजिन ब्लॉकच्या तळाशी बोल्टांनी बसविलेली असते. त्यामुळे इंजिनाच्या पुनर्बांधणीनंतर स्टार्टरचे पिनियन व फ्लायव्हीलचे दातेरी कडे यांची जुळणी बिघडण्याचा संभव असतो.

निदानात आवाज कसा येतो यापेक्षा तो केव्हा येतो हे महत्त्वाचे. इंजिन सुरू होण्यापूर्वी, स्टार्टर फिरत असताना कर्कश आवाज आल्यास दात्यांतील अंतर अधिक असते. इंजिन सुरू झाल्यावर, किल्ली सोडताना आल्यास ते कमी असते. कमी अंतरासाठी ब्लॉक व स्टार्टर यांमध्ये शिम (पातळ पत्रा) घालतात, अधिक असल्यास आधीचा शिम काढतात. एका दात्याचा माथा व समोरची खाच यांत सुमारे अर्धा मिलिमीटर मोकळीक असावी. तपासणीपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडविणे आवश्यक असते.

शिम हा मात्र पहिला उपाय नव्हे. फ्लायव्हील १५३ किंवा १६८ दात्यांचे असते आणि दोहोंचे व्यास भिन्न असतात. स्टार्टरच्या बोल्टांची छिद्रे सामान्यतः लहान फ्लायव्हीलसाठी सरळ रेषेत, तर मोठ्यासाठी तिरपी असतात. चुकीची जोडी बसली असेल, तर कितीही शिम घातले तरी व्यर्थ. शिवाय मूळ बोल्टांच्या दांड्यावरील खरखरीत, रेघाळ भागच स्टार्टरला नेमक्या जागी धरतो; साध्या बोल्टांनी तो सरकतो. दुर्लक्ष झाल्यास दाते तुटतात आणि नवे कडे बसविण्यासाठी गियरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.