बटाट्यांची गाडी काबूलपर्यंत

आजचा भाग आमच्या पार्किंगमधून सुरू होतो. तिथे ताडपत्रीखाली 1983 सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. बाबांची. तिचं पासिंग पुढच्या मे महिन्यात संपतंय. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ आहे: आता पुन्हा पासिंगच्या भानगडीत पडू नका, भंगारात द्या. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते यावर काही बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "स्पितीला जायचं राहिलं रे हिच्यातून."

तर मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि मी वाचायला घेतलं. छोट्या, स्वस्त, जुन्या गाड्या घेऊन लोक खरोखर लांब आणि वाईट रस्त्यांवर गेलेत का? गेले असतील तर त्यांनी गाडी कुठली निवडली, तिच्यात काय बदललं, बरोबर काय घेतलं?

गेलेत, आणि भरपूर गेलेत. त्यातल्या निम्म्या गोष्टी एकाच गाडीपाशी येऊन थांबतात. सित्रोएन टू-सीव्ही.

या गाडीचा जन्म समजून घेतला की पुढचं सगळं आपोआप कळतं. 1930 च्या दशकात सित्रोएनचे प्रमुख होते प्येर बुलांजे. त्यांनी इंजिनिअरांना जे काम दिलं ते मोटारीच्या इतिहासातलं एक मजेशीर काम आहे. फ्रान्सच्या खेड्यातला शेतकरी तेव्हा घोडागाडी वापरत होता. त्याच्यासाठी गाडी हवी होती. लाकडी बूट घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे तिच्यात बसले पाहिजेत. वेग ताशी साठ किलोमीटर, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल. आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. बुलांजे स्वतः उंच होते. डोक्यावर हॅट ठेवून नमुन्याच्या गाडीत बसायचे, हॅट छताला लागली की काम परत.

मध्ये युद्ध आलं. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून नमुन्याच्या गाड्या लपवल्या, काही मोडून टाकल्या. शेवटी ऑक्टोबर 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. दिसायला म्हणजे पत्र्याची छत्रीच! लोक हसले. पण मागणी एवढी आली की ताबा मिळायला काही वर्षं थांबावं लागायचं. आपल्याकडे स्कूटरसाठी नंबर लावून बसलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, यातच सगळी गंमत आहे.

पहिलं इंजिन 375 सीसीचं, दोन सिलिंडरचं, ताकद नऊ अश्वशक्ती. आजच्या शंभर सीसीच्या मोटरसायकलीएवढी. पण ते हवेवर थंड होणारं होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाही. म्हणजे वाळवंटात उकळायला काही नाही आणि थंडीत गोठायलाही काही नाही. वजन पाचशे किलोच्या आसपास. रुतली तर चार माणसांनी उचलावी.

आणि सस्पेन्शन. कावड आठवा. एक टोक वर गेलं की दुसरं खाली जातं, खांदा मात्र जागच्या जागी. टू-सीव्हीत प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकाच आडव्या नळकांड्यातल्या स्प्रिंगांना जोडलेलं असे. पुढचं चाक दगडावर चढलं की तो धक्का मागच्या चाकाला खाली दाबण्यात जाई, आणि माणसं बसलेली मधली पेटी बरीचशी सपाट राहत असे. वळणावर गाडी भयंकर कलते, बघणाऱ्याला वाटतं आता पडली. पण चाकं रस्ता सोडत नाहीत.

बाकी गोष्टीही अशाच. सीट उचलून बाहेर काढा, झाडाखाली मांडा, खुर्ची तयार. छत कापडाचं, गुंडाळलं की लांबलचक सामान उभं राहतं. मागे वजन भरलं आणि पुढचे दिवे आकाशाकडे बघायला लागले, तर आतूनच एक गोटी फिरवून ते खाली करता येतात. हँडल मारून इंजिन सुरू होतं आणि त्याच हँडलने चाकाचे नट खोलता येतात.

माझं मत विचाराल तर कळीचा मुद्दा हाच आहे. लांबच्या सफरीसाठी ही गाडी कुणी बनवलीच नव्हती. ती वाईट रस्त्यावरच्या गरीब माणसासाठी बनवली होती. सफरीला लागतं तेच नेमकं त्याला लागत होतं.

तरुणांच्या हे लगेच लक्षात आलं. 1953-54 मध्ये जाक कॉर्ने आणि आंरी लोशों हे दोघे कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, तिएरा देल फ्यूगोला, टू-सीव्हीने गेले. वाटेत बोलिव्हियात चकाल्तायाच्या डोंगरावर त्यांनी गाडी 5,420 मीटरपर्यंत चढवली. आपला खारदुंगला त्याहून थोडा खालीच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब साधारण निम्मा होतो, म्हणजे इंजिनाची ताकदही जवळपास निम्मी. नऊची झाली साडेचार. साडेचार घोडे आणि दोन वेडे.

मग 1958-59 मध्ये जाक सेगेला आणि जाँ-क्लोद बोदो यांनी टू-सीव्हीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, जवळपास एक लाख किलोमीटर. त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. चिलीच्या आटाकामा वाळवंटात गिअरबॉक्समधलं तेल गळून गेलं. तेल मिळायची सोय नाही. त्यांनी केळी कुस्करून आत भरली आणि पुढच्या गावापर्यंत गाडी नेली. आता हे सेगेलासाहेब पुढे फ्रान्सचे बडे जाहिरातवाले झाले, 1981 मध्ये मितराँच्या निवडणुकीची जाहिरात त्यांनीच केली. त्यामुळे केळी किती आणि अंतर किती, हे ज्याने त्याने ठरवावं. पण जिच्या गिअरबॉक्समध्ये रस्त्याच्या कडेला हात घालता येतो अशी गाडी त्यांनी निवडली होती, एवढं खरं.

कंपनीनेही याचा फायदा घेतला. 1970 साली पॅरिस ते काबूल आणि परत अशी मोहीम काढली. साडेसोळा हजार किलोमीटर, पाचशेच्या आसपास गाड्या, तेराशे तरुण. पुढच्या वर्षी इराणमधल्या पर्सेपोलिसपर्यंत. 1973 मध्ये आफ्रिकेत आबिजानहून ट्यूनिसपर्यंत, तेनेरेच्या वाळवंटातून. त्याआधी कंपनीने टू-सीव्हीचीच 'सहारा' नावाची आवृत्ती काढली होती. तिला दोन इंजिनं, एक पुढे, एक डिकीत. पेट्रोलच्या टाक्या सीटखाली, स्टेपनी बोनेटवर. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी या. फार विकली गेली नाही, जेमतेम सातशेच्या घरात बनल्या. मला ती फारशी पटत नाही. साधी गाडी अवघड करून ठेवली.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल गाडी बरोबर निवडली की झालं. जून 1953 मध्ये निकोला बूव्हिये नावाचा चोवीस वर्षांचा स्विस तरुण आपल्या चित्रकार मित्रासोबत, तिएरी व्हेर्नेसोबत, निघाला. गाडी फियाट टोपोलिनो. अगदी उंदराएवढी, दोघांपुरती, पाण्यावर थंड होणारं छोटं इंजिन. या कामाला ती अजिबात योग्य नव्हती. चढ आला की उतरून ढकलायची. तबरीझमध्ये बर्फात अख्खा हिवाळा अडकले. क्वेट्ट्यात दुरुस्तीत आठवड्यांवर आठवडे गेले, आणि तिथेच हॉटेलच्या झाडलोटीत बूव्हियेचं हस्तलिखित कचऱ्यात गेलं, ते शोधायला दोघांनी शहराचा उकिरडा उपसला. डिसेंबर 1954 मध्ये बूव्हिये खैबर खिंडीपाशी पोचला. दीड वर्ष! पण त्या दीड वर्षाचं पुस्तक आजही वाचलं जातं, आणि त्यातला मोठा भाग गाडी जिथे जिथे बंद पडली तिथल्या माणसांबद्दल आहे.

टोपोलिनो बनवणाऱ्या फियाटचीच 1100 ही गाडी पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली, आणि तिचीच झाली पद्मिनी. म्हणजे आलो आपण परत ताडपत्रीपाशी.

पद्मिनी 1089 सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची. मागे पाटे, पुढे स्प्रिंगा. साधी आहे, पण पाण्यावर चालते आणि उन्हात पेट्रोल पंप तापून बसते. ओलं फडकं गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना येतं. गेल्या वर्षी मी एक प्रयोग करून बघितला आणि तोंडघशी पडलो. पुस्तकातले फोटो बघून छतावर मोठं कॅरिअर लावलं. त्यावर दोन स्टेपन्या, दोन डबे पेट्रोल, तंबू, लोखंडी पेटीभर हत्यारं. आंबेनळी घाटात मागच्या पाट्याची मुख्य पट्टी तुटली. महाबळेश्वरच्या अलीकडे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, त्यांनी आधी पाटा न बघता कॅरिअरकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, घर बदलताय का?"

त्यानंतर मी यादी उलटी केली. कॅरिअर काढलं. जड सामान डिकीत खाली, मागच्या ॲक्सलच्या जितकं पुढे सरकवता येईल तितकं. पाट्यांचा संच नवा, एक मुख्य पट्टी जादा. सम्पखाली पत्रा. रेडिएटर उघडून साफ केला, सगळे होज पाइप बदलले. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, पंपाचा पडदा, दोन ट्यूब आणि पेट्रोलचे चार फिल्टर एका बिस्किटाच्या डब्यात मावले. कुंझुमला साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे चाळीस टक्के तरी ताकद जाणार, म्हणून कार्ब्युरेटरसाठी बारीक जेट घेतला. भाग मिळेनासे झालेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, तेव्हापासून जुने स्पेअरवाले दुकानं आवरताहेत. तो जेट मला तिसऱ्या दुकानात मिळाला, तोही मालकाने खणाच्या तळाशी हात घालून काढला.

जूनअखेर खिंड उघडते आणि पासिंग मेमध्ये संपतंय. म्हणून मागच्या सोमवारी मी पुनर्नोंदणीचा अर्ज भरला. भावाने फोन ठेवला. बाबा खाली आले, ताडपत्री काढली, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि गिअरची दांडी एक-दोन-तीन-चार हलवून बघितली. मग उतरले, फेरी मारून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथला दरवाजा उघडून बसले.

"इकडून बसतो मी," म्हणाले. "तू काढ."