मनगटातल्या बंद नाडीची कुळकथा

हृदयाकडे हाताच्या वाटेने जाण्याची कल्पना जुनी आहे. 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली. पुढे धमन्यांच्या तपासणीसाठी जांघेची वाट रूढ झाली. 1989 मध्ये माँट्रियलच्या ल्युसियाँ कांपो यांनी 100 रुग्णांची अँजिओग्राफी मनगटाच्या रेडियल धमनीतून करून दाखवली आणि 1992 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. वैद्य ज्या ठिकाणी नाडी बघतो तीच ही धमनी. ती कातडीखाली हाडालगत असते, त्यामुळे दाबली की रक्तस्राव थांबतो. शिवाय करंगळीकडची अल्नर धमनीही तळहाताला रक्त पुरवते. या दुसऱ्या धमनीच्या भरवशावरच मनगटाची वाट रुळली, आणि पहिली बंद पडली तरी कोणाला पत्ता लागत नाही तोही तिच्यामुळेच.

पण तपासणीनंतर ही धमनी बंद का पडते? नळीसाठी धमनीत बसवलेल्या शीथने, म्हणजे बाहेरच्या आवरणनळीने, तिचे आतले अस्तर खरवडले जाते, तिथे रक्त साकळते, आणि शीथ काढल्यावर वरून करकचून पट्टा बांधला की प्रवाहच थांबतो. फ्रान्समधल्या 1996 च्या एका अभ्यासात हेपॅरिन हे रक्त साकळू न देणारे औषध न दिलेल्यांपैकी 71 टक्के रुग्णांची धमनी बंद आढळली. 5000 युनिट दिलेल्यांत हेच प्रमाण 4.3 टक्क्यांवर आले. 2008 मध्ये समीर पंचोली आणि सहकाऱ्यांनी 436 रुग्णांत पट्ट्याचाच प्रश्न तपासला. रक्तस्राव थांबेल पण धमनीतला प्रवाह चालू राहील एवढाच दाब ठेवला, तेव्हा महिन्याने बंद धमन्यांचे प्रमाण 7 वरून 1.8 टक्क्यांवर उतरले. म्हणजे या इजेचा मोठा भाग नळी घालतात त्या कॅथलॅबमध्ये नव्हे, नंतर वॉर्डात घडतो, आणि तो टाळायला महागडे यंत्र लागत नाही.

हात तर व्यवस्थित चालतो, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. बहुतेकांचा हात खरोखरच व्यवस्थित चालतो. पण त्याच रुग्णाला पुन्हा अँजिओग्राफी लागली तर ही वाट बंद असते. बायपाससाठी ही धमनी वापरता येत नाही. आणि मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसचा फिस्च्युला, म्हणजे धमनी आणि शिरेचा जोड, जिथे प्रथम करायचा ती जागाच गेलेली असते. मग जांघच बरी, हाही निष्कर्ष चुकीचा. या दोन वाटांची तुलना करणाऱ्या 2011 च्या रायव्हल चाचणीत 7021 रुग्णांपैकी जांघेच्या गटात रक्तवाहिनीच्या मोठ्या गुंतागुंती 3.7 टक्के झाल्या, मनगटाच्या गटात 1.4.

वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी हृदयोपचार घेऊन रुग्ण आर्वी, आष्टी, कारंज्याच्या खेड्यांत परततात. कापूस वेचणारा, निंदण-खुरपण करणारा माणूस मनगट दाखवायला पुन्हा इतक्या लांब येईल, ही अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. त्यामुळे तपासणी सुट्टी देण्यापूर्वीच व्हायला हवी. नुसत्या बोटाने नाडी चाचपणे पुरत नाही, कारण तळहातातून उलट येणारे रक्तही ठोके दाखवते. अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून करंगळीकडची धमनी दाबावी. पडद्यावरची लाट गेली आणि परतलीच नाही, तर रेडियल बंद आहे. लगेच कळले तर अल्नर धमनी तासभर दाबून ठेवल्याने रेडियल पुन्हा उघडू शकते. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर या तपासणीची एक ओळ असावी, आणि ती दिसली नाही तर नातेवाइकांनी ती मागून घ्यावी.