चाकाच्या पोटांतला इतिहास

श्रोतेहो, माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या प्रत्येक बैलगाडीखालीं वंगणाचें एक नळकांडें टांगलेलें असे. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वीं गाडीवान चाक सैल करी, आंस पुसून त्यावर वंगणाचा हात फिरवी आणि मगच बैल जुंपी. एखाद्यानें आळस केला, तर त्याची गाडी अर्ध्या कोसावरून ओरडत येतांना ऐकूं येई. पुढें तीस-पस्तीस वर्षें मीं मुलांना राजे आणि लढाया शिकविल्या. परंतु आंस आणि चाक यांच्यामधील त्या बोटभर जागेचा इतिहास कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत मला आढळला नाहीं. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

जड पेटी फरशीवरून ओढावयाची तर चार माणसें लागतात. तिच्याखालीं चार मुसळें घातलीं, कीं एकटा मनुष्य ती ढकलूं शकतो. घासण्यापेक्षां लोळणें सोपें, हेंच बेअरिंगचें सारें रहस्य आहे. वेल्समधील कार्मार्थन येथील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदारानें १७९४ सालीं गाडीच्या आंसाभोवतीं छर्रे बसविण्याचें पेटंट घेतलें. परंतु कल्पनेच्या मानानें कारागिरी मागें होती. छर्‍यांपैकीं एक जरी केसभर मोठा निघाला, तरी सारा भार त्या एकट्यावर पडतो आणि तो फुटतो. १८६९ सालीं पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यानें सायकलीसाठीं छर्‍यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूर यानें तसलीं बेअरिंगें लाविलेल्या सायकलीवर जिंकली. खरी अडचण मात्र १८८३ सालीं दूर झाली. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गांवच्या फ्रीडरिख फिशर यानें सारखे गोल आणि सारख्याच मापाचे छर्रे घासून काढणारें यंत्र बनविलें, आणि त्या लहानशा गांवाचें नांव जगाच्या यंत्रशाळांत जाऊन बसलें.

मोटार आली तेव्हां मागच्या चाकावर तिहेरी ओझें पडलें. गाडीचें वजन त्यानें पेलावयाचें, एंजिनची शक्ति रस्त्याला द्यावयाची, आणि वळणावर बाजूचा रेटाहि सोसावयाचा. शिवाय वळतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां अधिक वाट चालतें. दोन्ही एकाच आंसाला जखडलीं तर एक फरपटतें. यावरील तोड, म्हणजे डिफरन्शियल, फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर यानें १८२८ सालींच वाफेच्या गाडीसाठीं काढून ठेविली होती. १८९८ च्या नाताळांत लुई रेनो यानें सांखळीऐवजीं फिरत्या दांड्यानें मागच्या आंसाला शक्ति पोंचविणारी आपली मोटार माँमार्त्रच्या चढणीवर नेऊन दाखविली. त्याच सालीं अमेरिकेंतील हेन्री टिमकेन या गाड्या बांधणार्‍या कारखानदाराला निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळालें. निमुळता रूळ वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही सोसतो. वेगानें वळणार्‍या मोटारीला नेमकें हेंच हवें होतें.

या क्षुद्र वस्तूचें मोल किती, तें दुसर्‍या महायुद्धानें दाखविलें. जर्मनीचीं बेअरिंगें बंद पाडलीं, तर तिचीं विमानें आणि रणगाडे थांबतील, या हिशेबानें १४ ऑक्टोबर १९४३ रोजीं अमेरिकेचीं २९१ बॉंबर विमानें श्वाइनफुर्टकडे निघालीं. त्यांतलीं ६० परत आलीं नाहींत, आणि प्रत्येकांत दहा-दहा तरुण होते. तळहातावर मावणार्‍या कड्यासाठीं मनुष्यजातीनें एवढी किंमत एका दुपारीं मोजली.

युद्धानंतर वेगाची हौस पुन्हा जागी झाली. १९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत इंग्लंडची जॅग्वार ई-टाइप ही स्पोर्ट्‌स मोटार प्रथम लोकांपुढें आली. लोक तिच्या लांब नाकाकडे पाहत राहिले. परंतु खरें नवल मागच्या चाकांपाशीं होतें. तीं एकमेकांपासून स्वतंत्र हालत. डिफरन्शियलपासून चाकाकडे शक्ति नेणारा हाफ-शाफ्ट केवळ फिरत नसे. चाक उभें धरणारा वरचा आधारहि तोच होता. त्याच्या दोन्ही टोंकांना रॉबर्ट हूकनें सतराव्या शतकांत वर्णन केलेल्या जातीचे सांधे. म्हणून येथें सांधा किंवा बेअरिंग झिजलें, तर नुसता आवाज होऊन थांबत नाहीं. चाक कलूं लागतें, आणि वेगांत कललेलें चाक म्हणजे जिवाशीं खेळ.

अशा मोटारीचीं बेअरिंगें बदलणें हें शक्तीपेक्षां सबुरीचें काम आहे. चाक अधांतरीं उचलून वरून-खालून धरून हालवावें. खडखडलें तर दोष बेअरिंगांत कीं सांध्यांत, हें आधीं ओळखावें. जुन्या कड्यांत नवे रूळ घालूं नयेत. जोडी जोडीनेंच बदलावी, आणि तेलाचें सीलहि नवें घ्यावें. ई-टाइपच्या तुंब्यांत दोन निमुळतीं बेअरिंगें असतात. त्यांच्यामध्यें साधारण केसाच्या जाडीएवढी मोकळीक राहावी, म्हणून निरनिराळ्या जाडीचीं कडीं मापून बसवावीं लागतात. मोकळीक मुळींच नसली तर बेअरिंग तापून जळतें. अधिक झाली तर चाक डुलतें. आणि जें कडें घट्ट बसवावयाचें, दाब त्याच कड्यावर द्यावा. घाईनें दुसर्‍या कड्यावर हातोडा मारला, तर तो घाव छर्‍यांतून किंवा रुळांतून जातो आणि नव्या कोर्‍या पोलादावर खळगे पडतात. १९०० सालीं स्वीडनच्या ब्रिनेलनें पोलादी छर्रा दाबून धातूचा कठिणपणा मोजण्याची रीत जगापुढें मांडली. या खळग्यांना आजहि त्याचेंच नांव आहे. ते त्या दिवशीं दिसत नाहींत. शेंकडों मैलांनंतर चाक गुणगुणूं लागतें, तेव्हां कळतात.

श्रोतेहो, इतिहासांत वेग गाठणार्‍यांचीं नांवें राहतात. वेगाचा भार वाहणारा भाग तुंब्यांत अंधारांतच फिरत असतो. बेअरिंग बसवून झाल्यावर कारागीर त्यांत बोटानें ग्रीस भरतो, तें आमच्या गाडीवानाचेंच वंगण होय. साधनें पालटलीं, नियम पालटला नाहीं : ज्याच्यावर भार टाकावयाचा, त्याची विचारपूस निघण्यापूर्वीं करावी, तें ओरडूं लागेपर्यंत थांबूं नये.