दुष्काळ नव्हे, टंचाई!

इंग्रज माणसाला जेवण आवडले तर तो 'नॉट बॅड' म्हणतो आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीला 'रादर कोल्ड'. नकार घालायचा, नाहीतर 'काहीसे', 'थोडेसे' जोडायचे आणि वाक्याची धार बोथट करायची, ही त्या भाषेची जुनी सवय. आमच्या जालना भागात नकाराचे काम नेमके उलटे. अंबडच्या बाजारात कुणाला पीकपाणी विचारा. 'औंदा काही खरं नाही' असे उत्तर आले की समजावे, सगळे गेले.

ही इंग्रजी सवय नुसत्या शिष्टाचारापुरती असती तर माझी तक्रार नव्हती. पण ती सरकारी कागदातही दिसते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार करवली. तीत 'स्कॅर्सिटी' ही खालची पायरी, 'फॅमिन' ही वरची. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि ती कागदी भाषा आपल्याही वाट्याला आली. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राने चक्क कायदा करून 'फॅमिन' हा शब्द राज्यातल्या कायद्यांतून काढला आणि तिथे 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घातला. शासन सतत लक्ष ठेवून वेळीच मदत करते, तेव्हा तशी वेळ येणारच नाही, असे कारण दिले. हेतू वाईट नव्हता. (पाहा, मीही नकारच वापरला!)

नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. माणसे खडी फोडायला गेली, मुलांनी सुकडी खाल्ली, घरोघरी परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी झाल्या. कागदावर ती टंचाई होती. पण आजवर कुणाच्या तोंडून 'बहात्तरची टंचाई' ऐकलीत का? सगळे 'बहात्तरचा दुष्काळ'च म्हणतात.

नंतर मापाचे शब्द वाढतच गेले. आणेवारीची पैसेवारी झाली आणि ५० पैशांच्या खाली-वर गावांचे नशीब ठरू लागले. २०१२-१३ मध्ये जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मग २०१५ मध्ये शब्द आला 'दुष्काळसदृश'. सदृश म्हणजे सारखा; म्हणजे दुष्काळासारखा दिसणारा, पण दुष्काळ नव्हे! हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे २०१६ मध्ये शासनाला सांगावे लागले, की जिथे 'दुष्काळसदृश' लिहिले आहे तिथे 'दुष्काळ' वाचावे. २९ हजारांहून अधिक गावांचा प्रश्न होता. एक शेपूट कापायला इतका खटाटोप.

तरी ते पुन्हा उगवले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे आपले पाच. त्यातही 'गंभीर' आणि 'मध्यम' असे दर्जे. केंद्राच्या २०१६ च्या संहितेप्रमाणे राष्ट्रीय निधीतून मदत मागायची तर 'गंभीर' हेच विशेषण लागते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत राज्यातल्या शेकडो महसूल मंडळांच्या नावापुढे 'दुष्काळसदृश' लागले. वीजबिलातली सवलत, कर्जाचे पुनर्गठन, मुलांची परीक्षा फी, सगळे त्या यादीवर. पारावर बसलेला शेतकरी पाऊस किती झाला हे विचारत नव्हता, त्याला ते ठाऊकच होते. तो विचारत होता, 'आपलं मंडळ कशात बसवलंय?'