‘तनहा तनहा’ आणि आशा भोसले यांचा उत्तरकाल

‘तनहा तनहा’ हे ‘रंगीला’ या हिंदी चित्रपटातील आशा भोसले यांनी गायिलेले गीत. गीतकार मेहबूब, संगीतकार ए. आर. रेहमान. चित्रपट 8 सप्टेंबर 1995 रोजी, शुक्रवारी प्रदर्शित झाला आणि योगायोगाने त्याच दिवशी गायिकेने वयाची 62 वर्षे पूर्ण केली. ज्या नायिकेसाठी हा आवाज वापरला गेला त्या ऊर्मिला मातोंडकर तेव्हा 21 वर्षांच्या होत्या. आशाबाईंच्या प्रदीर्घ कारकिर्दीच्या उत्तरार्धातील सर्वाधिक गाजलेल्या गाण्यांत ‘तनहा तनहा’ आणि त्याच चित्रपटातील ‘रंगीला रे’ यांची गणना होते.

हिंदी चित्रपटसृष्टीत पार्श्वगायिकेचे वय हा कधीच तटस्थ विषय नव्हता. पडद्यावरची नायिका विशीतली असली की तिचा आवाजही विशीतलाच वाटला पाहिजे, हा अलिखित दंडक होता आणि त्याची झळ मोठमोठ्या गायिकांना बसली. शमशाद बेगम यांचे उदाहरण बोलके आहे. एकेकाळी ज्यांच्या बुलंद आवाजावाचून चित्रपटाचे पान हलत नसे, त्यांच्याकडे साठच्या दशकात काम येणे कमी कमी होत गेले. 1968 च्या ‘किस्मत’मध्ये ओ. पी. नय्यर यांनी त्यांना गायला बोलावले आणि ‘कजरा मोहब्बतवाला’ देशभर वाजले. तेव्हा शमशाद बेगम 49 वर्षांच्या होत्या आणि ते त्यांच्या अखेरच्या मोठ्या यशांपैकी एक ठरले. त्या युगुलगीतातील दुसरा आवाज आशा भोसले यांचा होता. एका ज्येष्ठ गायिकेचा मावळतीचा काळ त्यांनी असा अगदी शेजारी उभे राहून पाहिला होता.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावरही तशीच वेळ आल्याचे दिसत होते. अलका याज्ञिक, कविता कृष्णमूर्ती, अनुराधा पौडवाल यांच्या आवाजांनी बाजारपेठ व्यापली होती. 4 जानेवारी 1994 रोजी राहुलदेव बर्मन यांचे निधन झाले. 1966 च्या ‘तीसरी मंज़िल’पासून सुरू झालेली आणि 1980 मध्ये विवाहबंधनात गुंफली गेलेली ही भागीदारी संपली. बर्मन यांच्या निधनानंतर प्रदर्शित झालेल्या ‘1942 : अ लव्ह स्टोरी’च्या संगीताने रसिकांना हेलावून टाकले खरे, परंतु त्या गाजलेल्या गाण्यांत कविता कृष्णमूर्ती होत्या, लतादीदी होत्या, आशाबाई नव्हत्या. अर्ध्या शतकाची कारकीर्द येथेच थांबली असती तरी कोणाला नवल वाटले नसते.

ही कारकीर्द 1943 मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटातून, दत्ता डावजेकर यांच्या संगीतात सुरू झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, 24 एप्रिल 1942 रोजी, मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात निवर्तले. आशा तेव्हा आठ वर्षांची होती. दीनानाथ मूळचे मंगेशीचे. ‘मंगेशकर’ हे आडनाव त्यांनी गावावरूनच घेतले. पणजीच्या कला अकादमीतील मुख्य नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, हे गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको. 1918 मध्ये स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीच्या रंगभूमीवर दीनानाथांनी जी गायकी रूढ केली ती आक्रमक, अनपेक्षित वळणे घेणारी आणि शब्दाला नाट्य देणारी होती. ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या त्या रंगभूमीवर नटाला एकाच वेळी गावे लागे, अभिनय करावा लागे आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागे. आशाबाईंच्या गाण्यातील एकेका अक्षरावरचा अभिनय या वारशातून आला, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे. लतादीदींनी त्याच वारशातून स्वराची निर्मळता उचलली, तर धाकटीने त्यातले नाट्य उचलले. अर्थात अशी विभागणी ढोबळच असते.

त्या नाट्याला हिंदी चित्रपटात वाव मिळवून दिला तो प्रथम नय्यर यांनी. ‘नया दौर’ (1957) हा त्या सहकार्यातला महत्त्वाचा टप्पा. नय्यर यांनी त्यांच्या आवाजातील खालचे, भरदार स्वर हेरले. पुढे बर्मन यांनी त्याच आवाजातून श्वास, हुंकार आणि पाश्चात्त्य लय यांचे खेळ करून घेतले. ‘कारवाँ’ (1971) मधील ‘पिया तू’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ‘उमराव जान’ (1981) मध्ये खय्याम यांनी या आवाजाला नेहमीपेक्षा खाली उतरवून गझल गाऊन घेतली आणि आशाबाईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा 1987 च्या ‘इजाज़त’साठी, बर्मन यांच्याच संगीतात. खालच्या पट्टीतला हा सराव उतारवयात कामास येणार होता.

रेहमान यांचा जन्म जानेवारी 1967 मधला, म्हणजे ‘तीसरी मंज़िल’च्या पुढच्याच वर्षीचा. ‘रोजा’ (1992) आणि ‘बॉम्बे’ (1995) यांची गाणी हिंदीत पोहोचली होती, परंतु ती मूळ तमिळ चित्रपटांची. ‘रंगीला’ हा त्यांनी मूळ हिंदीसाठीच संगीत दिलेला पहिला चित्रपट. दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांनी कथेसाठी मुंबईतील मध्यमवर्गीय घरातील मिली ही मुलगी निवडली. ती चित्रपटांतील समूहनृत्यांत नाचते आणि नायिका होण्याचे स्वप्न पाहते. एका बाजूला तिकिटांचा काळाबाजार करणारा मुन्ना (आमीर खान), दुसऱ्या बाजूला नामवंत नट राजकमल (जॅकी श्रॉफ). मातोंड हे गाव वेंगुर्ले तालुक्यातले, गोव्याच्या सीमेपासून फार दूर नाही. मंगेशीवरून आडनाव घेतलेल्या घराण्यातील गायिका आणि मातोंडवरून आडनाव चालत आलेली नायिका, असा हा योग आपल्या भागातील वाचकाच्या ध्यानी सहज येतो.

या चित्रपटासाठी वर्मा आणि रेहमान यांना कविता कृष्णमूर्ती, चित्रा, स्वर्णलता, श्वेता शेट्टी असे कितीतरी तरुण आवाज उपलब्ध होते. त्यांपैकी प्रत्येकीला ‘रंगीला’त एकेक गाणे आहेही. कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांनाही एक गाणे आहे. मात्र मिलीचे स्वप्न जेथे थेट बोलते, ती दोन गाणी आशाबाईंकडे गेली.

ही दोन गाणी एका गळ्याची वाटू नयेत इतकी भिन्न आहेत. ‘रंगीला रे’ हे आरंभीचे, उसळते, रस्त्यावरच्या गर्दीचे गाणे. बाल आदित्य नारायणचा आवाज त्यात मधूनमधून येतो. येथे आशाबाईंनी लयीवर स्वार होऊन शब्द फेकले आहेत. ‘तनहा तनहा’ सागरकिनाऱ्यावरचे, संथ, एकांताचे. त्याचा मुखडा गायिला जातो त्यापेक्षा जवळजवळ बोलला जातो. शब्दाच्या आधी श्वास येतो, स्वर पूर्ण भरण्यापूर्वीच सोडून दिला जातो, आणि ओळीचा शेवट किंचित मागे रेंगाळतो. वादकांचा मोठा ताफा येथे नाही. विद्युत् वाद्यांचा मोकळा, विरळ पट आहे आणि त्यात आवाजाला लपावयास जागा नाही.

यातील मर्म समजण्यासाठी वयाचा आवाजावर होणारा परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. उतारवयात स्त्रीच्या स्वरतंतूंमध्ये बदल होतात, आवाजाची पट्टी खाली सरकते, तारसप्तकातील स्वर बारीक अथवा ताठर होऊ लागतात आणि दीर्घ ओळीला श्वास अपुरा पडतो. उंच पट्टीतच नायिका शोधणाऱ्या हिंदी गाण्यात हे बदल घातक ठरत. ज्या गायिका तरुणपणीचा आवाज तसाच काढण्याचा हट्ट धरतात त्यांच्या गाण्यातील ओढाताण श्रोत्याला चटकन जाणवते. आशाबाईंनी ‘तनहा तनहा’त तो हट्ट धरलेला नाही. मध्य आणि मंद्र भागातील स्वरांची घनता त्यांनी पुढे आणली, श्वासाला अलंकार केले आणि ध्वनिग्राहकाच्या अगदी निकट राहून गायिल्या. मिलीच्या वयाची नक्कल त्या करीत नाहीत. मिलीची इच्छा मात्र पूर्णपणे स्वतःची करून घेतात. विशीतल्या मुलीच्या तोंडी हा आवाज विसंगत का वाटत नाही, याचे उत्तर येथे आहे.

रेहमान यांची कामाची रीतही त्यास पोषक होती. आशाबाई ज्या काळात घडल्या त्या काळात पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. रेहमान गायकाचा आवाज स्वतंत्रपणे, अनेक वेळा मुद्रित करून त्यातील हवे ते भाग निवडीत आणि वाद्ये पुष्कळदा नंतर चढवीत. एका दमात गाणे पार पाडण्याची शिस्त अंगी बाणलेल्या कित्येक जुन्या कलावंतांना ही पद्धत मानवली नाही. आशाबाईंना ती मानवली, हा त्यांच्या स्वभावाचा भाग मानावा लागेल. बर्मन यांच्याकडे प्रयोगांची सवय त्यांना आधीच लागलेली होती.

पाश्चात्त्य देशांप्रमाणे एकेका गाण्याची तबकडी स्वतंत्रपणे विकण्याची आणि तिच्या खपावरून क्रमांक लावण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही. ‘रंगीला’ लोकांपर्यंत पोहोचला तो ‘टिप्स’ने काढलेल्या ध्वनिफितींतून, दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मधून आणि नुकत्याच घरोघरी आलेल्या उपग्रह वाहिन्यांवरून. पणजीपासून बेळगावच्या खासबागेपर्यंत आणि निपाणीपर्यंत कोणत्याही मराठीभाषक वस्तीत 1995 च्या पावसाळ्याअखेरीस ही गाणी कानी पडत होती. त्याच मोसमात, 20 ऑक्टोबरला, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ झळकला. त्यातही आशाबाईंचे एक युगुलगीत होते. आणि काजोलसाठी गायिल्या होत्या 66 वर्षांच्या लता मंगेशकर. काजोलचे वय तेव्हा 21. एकाच शरद ऋतूत दीनानाथांच्या दोन्ही कन्या एकविशीतील नायिकांचा आवाज बनल्या, याला हिंदी चित्रपटाच्या इतिहासात जोड सापडणे कठीण.

‘फिल्मफेअर’चा निर्णयही नोंद घेण्याजोगा आहे. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार सात वेळा पटकावल्यानंतर 1979 मध्ये आशाबाईंनी आपला पुढे विचार होऊ नये अशी विनंती केली होती. त्यामुळे 1996 मध्ये स्पर्धेतील पुरस्कार कविता कृष्णमूर्ती यांना ‘याराना’साठी मिळाला आणि आशा भोसले यांना ‘रंगीला’साठी विशेष पुरस्कार देण्यात आला. निवृत्त मानले गेलेले नाव पुन्हा यादीत आणण्यासाठी अशी निराळी वाट काढावी लागली. त्याच सोहळ्यात रेहमान सर्वोत्कृष्ट संगीतकार ठरले.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनातून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून ‘सोल’ नावाचा गायनप्रकार उदयास आला. जगण्याचा भोगवटा आवाजात उतरावा, अशी त्यात अपेक्षा असते. त्या परंपरेचा अग्रणी जेम्स ब्राऊन हा आशाबाईंच्याच वयाचा, 1933 चा. त्याच्याही उतरत्या काळात त्याला सावरले ते एका चित्रपटानेच. ‘रॉकी 4’ (1985) मधील ‘लिव्हिंग इन अमेरिका’ 1986 च्या आरंभी अमेरिकेच्या क्रमवारीत चौथ्या स्थानी पोहोचले. टिना टर्नर 1984 मध्ये 44 व्या वर्षी त्याच क्रमवारीच्या शिखरावर गेली, तेव्हा तिला तिकडच्या वृत्तपत्रांनी वयस्कर ठरवून आश्चर्य व्यक्त केले होते. जॅझचा महर्षी लुई आर्मस्ट्राँग याने 1964 मध्ये ‘हॅलो, डॉली!’ने बीटल्सना प्रथम क्रमांकावरून खाली ओढले, तेव्हा तोही 62 वर्षांचा होता. तुलना येथपर्यंतच ताणावी. ही मंडळी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चेहऱ्याने रंगमंचावर होती. आशाबाईंना हे यश दुसरीच्या चेहऱ्याआडून मिळवावे लागले.

तो पडदा लवकरच दूर झाला. 1997 मध्ये लेस्ली लुईस यांच्या संगीतातील ‘जानम समझा करो’ हा चित्रपटबाह्य गीतसंग्रह आला आणि साठी उलटलेल्या आशाबाई स्वतः दूरचित्रवाणीवरील गीतचित्रफितींतून तरुण प्रेक्षकांसमोर आल्या. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘कॉर्नरशॉप’ या वाद्यवृंदाने त्यांच्या गौरवार्थ ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ काढले. नॉर्मन कुक याने त्याचे केलेले रूपांतर फेब्रुवारी 1998 मध्ये तेथील क्रमवारीत पहिले आले. दादासाहेब फाळके पुरस्कार (सन 2000 साठीचा) आणि पद्मविभूषण (2008) हे सन्मान त्यानंतरचे.

रेहमान यांच्याकडील दालनही खुले राहिले. ‘दौड’ (1997), ‘तक्षक’ आणि ‘ताल’ (दोन्ही 1999) यांत त्या गायिल्या. मणिरत्नम यांच्या ‘इरुवर’ आणि ‘अलैपायुदे’ या तमिळ चित्रपटांसाठीही रेहमान यांनी त्यांनाच बोलावले. 2001 च्या ‘लगान’मध्ये ‘राधा कैसे न जले’ हे गाणे त्यांनी उदित नारायण आणि वैशाली सामंत यांच्यासोबत गायिले. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या 67 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर त्यांचा आवाज होता ग्रेसी सिंग या नव्या नायिकेला.